भंगारातला सोफॉस एक्सजी घरी फायरवॉल म्हणून चालेल का?

सातपूर एमआयडीसीतल्या कंपनीतून निघालेला, लायसन्स संपलेला छोटा सोफॉस एक्सजी (म्हणजे इंटरनेट आणि आपल्या नेटवर्कच्या मधे बसून नको ती ये-जा अडवणारा फायरवॉलचा डबा) घरी वापरता येईल का, असं विचारलंय. भावात बसत असेल तर खुशाल घ्या. आत साध्या पीसीसारखाच एक्स८६ प्रोसेसर असतो, त्यामुळे लायसन्सचं रडगाणं न गाता सरळ ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकता येतं. ते फुकट आहे, पीएफसेन्स या तशाच सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेलं, पहिली आवृत्ती जानेवारी २०१५ ची. फोर्टिगेट या दुसऱ्या फायरवॉलच्या छोट्या डब्यांच्या मात्र नादी लागू नका. त्यांत कंपनीची स्वतःची चिप, दुसरं काही बसत नाही.

पैसे देण्याआधी भंगारवाल्याकडेच चालू करून बघा. पंखा खरखरतो का, प्रत्येक पोर्टात केबल घातली की दिवा लागतो का. अडॅप्टर मूळचाच मागा, तो नंतर शोधताना नाकी नऊ येतात.

या कामासाठी रॅकमधला जुना सर्व्हर कुणी फुकट दिला तरी नको. सतत १०० वॅट म्हणजे महिन्याला ७२ युनिट, वर घरघर अशी की घरचे त्याच्यासकट तुम्हालाही बाहेर काढतील.

लाईट वरचेवर जात असेल तर ओपीएनसेन्स इन्स्टॉल करताना झेडएफएस ही फाइल सिस्टिम निवडा, अचानक बंद पडलं तरी ती सहसा बिघडत नाही. फायबरवाल्याला मोडेम ब्रिज मोडवर (नुसता सिग्नल पुढे देणारा) टाकायला सांगा, नाहीतर मोडेम आणि फायरवॉल दोघंही पत्ते बदलतात, म्हणजे दोनदा नॅट होतं, आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून घरातल्या उपकरणापर्यंत वाट देणं) गंडतं.