स्टेटसला ठेवू नकोस

बाळा,

तुझी वही पोचली. कोनोफायटम ही वनस्पती धोक्यात आहे हे ठरवतं कोण, असं विचारलंस, बरं वाटलं. पण आधी तुझे कान उपटतो. बरडावरच्या माकडशिंगाचा, त्या मांसल देठांच्या रानरोपाचा, फोटो तू स्टेटसला ठेवलास, अन् मागे मारुतीचं देऊळ, पाझर तलाव सगळं दिसतंय. तालुक्यातलं कोणतंही पोट्टं न विचारता तिथं पोचेल.

कोनोफायटम दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या कोरड्या पट्ट्यातलं. झाड कसलं, गोटीच ती! दोन मांसल पानं एकमेकांना चिकटून, खड्यांत खडा होऊन बसलेली. तिकडे पाऊस हिवाळ्यात. उन्हाळ्यात जुनी पानं वाळून कांद्याच्या सालीगत होतात अन् नवी जोडी त्या पापुद्र्याआड तग धरते. काही जाती तर जगात एकाच टेकडीवर. २०१९ नंतर शौकिनांच्या मागणीपायी लाखो रोपं चोरीने उपटली गेली. पकडलेला माल परत लावणंही सोपं नाही. कुठल्या टेकडीवरचा ते कळत नाही, अन् भलतीकडे लावला तर रोग पसरायची, जातींची सरमिसळ व्हायची भीती.

आता तुझा प्रश्न. धोक्यातल्या जातींची लाल यादी आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना करते, १९६४पासून. 'हल्ली दिसत नाही हो' याला तिथं किंमत नाही. फुलण्याच्या वयाची झाडं ५०हून कमी उरली, तर तेवढ्यावरच जात 'अतिसंकटग्रस्त' ठरते. पसारा १०० चौरस किलोमीटरच्या आत असणं मात्र एकट्याने पुरत नाही. त्याचे तुकडे पडलेत का, घसरण चालू आहे का, तेही दाखवावं लागतं. म्हणून तुझ्या वहीतली माकडशिंगाची '२१२ रोपं' मला अर्धीच वाटली. त्यातली फुलणारी किती? शेळ्यांनी शेंडे खाल्लेली कुठे लिहिलीस? माकडशिंग काही त्या गोटीइतकं दुर्मीळ नाही, गुराखी पोरं कच्चंच खातात. पण हात बसवायला तेच बरं.

जागेबद्दल एवढा का चिडलो, तेही सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाला मी नाल्याकाठची सफेद मुसळी, ती औषधी मुळांची, हौसेने दाखवली. पुढच्या पावसाळ्यात गेलो तर ओळीने खड्डे, अन् एका खड्ड्यात विडीचं थोटूक. खोदणाऱ्याला वाट मीच दाखवली होती. त्या नाल्याकडे मी अजून जात नाही.

तेव्हा फोटो काढ, पण जवळून. मागचं काही येऊ देऊ नकोस. फोनमधलं लोकेशन बंद कर. वहीत गावाचं नाव नको, खुणेचा आकडा घाल, अन् त्या आकड्यांची यादी घरी वेगळी ठेव.

आणि ऑनलाइन मागवलेली ती 'आफ्रिकन' कुंडी? रोप बियांपासून केलंय का, हे विकणाऱ्याला लेखी विचार. उत्तर टाळलं तर पुढचं मागवू नकोस.

पोळा झाला की माकडशिंग फुललेलं असेल, तेव्हा मोजायला जाऊ. दोरी तू आण, माझी उंदरांनी कुरतडली.

तुझा,
सर