'ती'चा 'तो' करू का?

प्रश्न: मी मुलगी आहे, प्रेमही एका मुलीवर आहे. कविता कुणाला दाखवायची वेळ आली की 'ती'चा 'तो' करून टाकते. चालेल ना?

उत्तर: अगं, सेफ वाटत नसेल तर दाखवूच नकोस, पण वहीत 'ती'च राहू दे. शेक्सपिअरची बरीचशी सॉनेट्स, म्हणजे चौदा ओळींच्या कविता, एका तरुणासाठी आहेत आणि १६४०च्या आवृत्तीत प्रकाशकाने काही ठिकाणी त्याची चक्क बाई केली, म्हणजे हे काम करायला दुसरे बसलेलेच असतात, तू कशाला करतेस! 'तो' केलास की तिने केस विंचरताना मानेला लागलेला हातही जातो, आणि कविता तिथेच होती गं. सॅफो ही प्राचीन ग्रीक कवयित्री वाच, भाषांतरात का होईना, एका बाईला बघून वाचा बसते, कान वाजतात, घाम फुटतो, सगळं अंगावरचं लिहिलंय तिने.