काठींचं काठेवाड, आफ्रींची आफ्रिका

प्रश्न : माझ्या नातवाच्या मोबाइलवर एक संदेश आला. आफ्रिकेचं मूळ नाव ‘अल्केबुलान’, म्हणजे ‘मानवजातीची आई’, असं होतं आणि युरोपातल्या लोकांनी ते पुसून टाकलं, असं त्यात लिहिलं आहे. आमच्या भजनी मंडळातले एक गृहस्थ ठासून सांगतात की पुराणातलं कुशद्वीप म्हणजेच आफ्रिका. नातू विचारतो, आजोबा, यातलं खरं काय? आणि ‘आफ्रिका’ या शब्दाचा अर्थ तरी काय?
– एक आजोबा, रावपुरा, बडोदे

उत्तर : आजोबा, याच शहरात मी तीस वर्षं भूगोल शिकवला. जगाचा नकाशा भिंतीवर टांगला की एखादं तरी पोर हा प्रश्न विचारायचंच. मी उत्तराची सुरुवात आफ्रिकेपासून करत नसे, काठेवाडापासून करायचे. तुमच्या नातवालाही तसंच सांगून बघा.

सौराष्ट्राच्या त्या द्वीपकल्पात झालावाड, हालार, सोरठ, गोहिलवाड असे कितीतरी मुलूख, प्रत्येकाचं नाव वेगळं. काठी लोक त्यातल्या मधल्या भागातले. मग अख्ख्या द्वीपकल्पाला ‘काठेवाड’ कुणी केलं? आपण मराठ्यांनी. पेशव्यांच्या आणि आपल्या गायकवाडांच्या फौजा तिकडे मुलूखगिरीला, म्हणजे खंडणी वसूल करायला, जात. काठी घोडेस्वारांशी त्यांच्या झुंजी होत. ज्यांच्याशी गाठ पडली त्यांचंच नाव सगळ्या प्रदेशाला चिकटलं, आणि पुढे इंग्रजांनी तेच आपल्या कागदांवर चढवलं. गोहिलवाडातल्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तू स्वतःला काय म्हणवतोस.

आफ्रिकेचं हुबेहूब असंच झालं. आजच्या ट्युनिस शहराशेजारी कार्थेज नावाचं मोठं व्यापारी नगर होतं. त्याच्याशी रोमचं शंभराहून अधिक वर्षं वैर चाललं. त्या परिसरात राहणाऱ्या स्थानिक लोकांना रोमन ‘आफ्री’ म्हणत. एकटा माणूस असेल तर ‘आफेर’. रोमचा नाटककार तेरेन्स याच्या पूर्ण नावात शेवटी हा ‘आफेर’ आहे. आफ्री लोकांची ती ‘आफ्रिका’, म्हणजे आफ्रींची भूमी. आपल्याकडे ‘वाड’ लागतं, लॅटिनमध्ये ‘का’ लागला, एवढंच. इ. स. पूर्व 202 मध्ये झामाच्या लढाईत कार्थेजच्या हानिबालला हरवणाऱ्या रोमन सेनापती सिपिओला ‘आफ्रिकानुस’ हा किताब मिळाला. आज तो शब्द ऐकला की केवढा खंड डोळ्यांपुढे येतो! त्या सेनापतीला मात्र उत्तर किनाऱ्याचा एक कोपराच अभिप्रेत होता. इ. स. पूर्व 146 मध्ये रोमनांनी कार्थेज जमीनदोस्त केलं, भोवतालच्या मुलखाचा प्रांत केला आणि त्याचं नाव ठेवलं आफ्रिका.

पुढे सातव्या शतकात अरब आले. 670 मध्ये त्यांनी तिथे कैरवान शहर वसवलं, आणि या प्रांताचं नाव त्यांच्या जिभेवर ‘इफ्रिकिया’ झालं. तेव्हाही ते साधारण आजच्या ट्युनिशियाचं आणि लगतच्या भागाचंच नाव होतं. पंधराव्या शतकात पोर्तुगीज जहाजं किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेकडे सरकू लागली, 1488 मध्ये त्यांचा दर्यावर्दी दियाश दक्षिणेच्या टोकाला वळसा घालून पुढे गेला, आणि युरोपातल्या नकाशांवर त्या एका प्रांताचं नाव खाली खाली पसरत त्या टोकापर्यंत पोचलं. आज अरबीतही ‘इफ्रिकिया’ म्हणजे सगळा खंड. चिनी लोक ‘फेइचौ’ म्हणतात. त्यातल्या ‘फेइ’ या अक्षराचा स्वतःचा अर्थ ‘नाही’ असा आहे, पण ते फक्त उच्चारासाठी घेतलेलं अक्षर आहे. ‘नाही-खंड’ असा अर्थ काढून कुणी रागावू नये.

आता ‘आफ्री’ या नावाचा अर्थ. इथे विद्वानांचं एकमत नाही, पण सगळ्या व्युत्पत्ती सारख्या वजनाच्या आहेत असंही नाही. ग्रीकमधून ‘जिथे थंडी नाही ती’ असा अर्थ काही जण काढत. मला तो पटत नाही, कारण ग्रीक लोक या भूमीला आफ्रिका म्हणतच नसत, लिबिया म्हणत. इफ्रिकिश नावाच्या येमेनी राजानं देश जिंकला म्हणून हे नाव पडलं, अशी कथा अरब इतिहासकारांनी नोंदवली आहे. पण अरब तिथे पोचण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून हा शब्द लॅटिनमध्ये आहे, आणि खुद्द ट्युनिसमध्ये 1332 साली जन्मलेल्या इतिहासकार इब्न खल्दूननंही येमेनी राजांच्या असल्या स्वाऱ्यांच्या कथा खोट्या ठरवल्या. उरतात दोन. फिनिशियन, म्हणजे कार्थेज वसवणाऱ्यांच्या, भाषेतला ‘अफर’ म्हणजे धूळ, आणि उत्तर आफ्रिकेतल्या मूळच्या लोकांच्या बर्बर भाषेतला ‘इफ्री’ म्हणजे गुहा. माझा कल गुहेकडे आहे. दक्षिण ट्युनिशियात मातमाता इथे लोक जमिनीत कोरलेल्या घरांत राहत आले आहेत, मोरोक्कोत इफ्रान नावाचं गाव आहे, आणि बर्बरांमध्ये बनू इफ्रान नावाची टोळी होऊन गेली. शब्द त्याच मातीतला दिसतो. म्हणजे नाव बहुधा तिथल्याच भाषेतलं, ते पसरवलं मात्र बाहेरच्यांनी.

आणि ग्रीकांच्या त्या ‘लिबिया’चं काय झालं? प्राचीन इजिप्तच्या शिलालेखांत ‘लिबू’ नावाची एक टोळी येते, त्यावरून ग्रीकांनी अख्ख्या खंडाला लिबिया केलं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसला प्रश्नच पडला होता की पृथ्वी एक, मग तिला लिबिया, आशिया, युरोप अशी तीन बायकांची नावं का? ते खंडाचं नाव आक्रसत गेलं, आणि 1934 मध्ये इटलीनं उत्तर आफ्रिकेतल्या आपल्या वसाहती एकत्र करून त्यांना तेच जुनं नाव दिलं. आज लिबिया हा एक देश आहे. आपल्या अकोट्याचं असंच नाही का? इ. स. 812 च्या राष्ट्रकूट ताम्रपटात आपलं बडोदे ‘वडपद्रक’ नावाचं एक खेडं आहे, आणि ते कुठलं, तर ‘अंकोट्टक चौऱ्यांशी’तलं, म्हणजे अंकोट्टकाच्या चौऱ्यांशी गावांपैकी. अंकोट्टक म्हणजे अकोटा. त्या काळी मोठं नाव अकोट्याचं होतं. आज दांडिया बाजाराकडून विश्वामित्रीचा पूल ओलांडला की अकोटा हा शहराचा एक भाग. खेडं शहर झालं आणि शहर वस्ती झालं.

एवढं कळलं की ‘अल्केबुलान’चं काय करायचं तेही कळतं. त्यातला ‘अल’ दिसतो अरबी वळणाचा. या खंडात अरबी पसरली ती सातव्या शतकापासून पुढे. मग ते आदिम नाव कसं असेल? शिवाय नाईलकाठचा इजिप्शियन माणूस आपल्या देशाला ‘केमेत’, काळी भूमी, म्हणे. आपण आणि दक्षिणेच्या टोकाचा माणूस एकाच खंडाचे आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. सगळ्या खंडाला आतून दिलेलं एकच जुनं नाव शोधणं म्हणजे झालावाड, हालार, सोरठ यांचं एक ‘खरं’ नाव शोधण्यासारखं आहे. पण नातवाला रागावू नका. परक्यांनी आमची ओळख पुसली ही त्या संदेशामागची वेदना खरी आहे, पुरावा तेवढा नाही.

राहिलं कुशद्वीप. पूजेच्या संकल्पात गुरुजी ‘जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे’ म्हणतात, त्याच रचनेतलं हे द्वीप. पुराणांत सात द्वीपं एकाभोवती एक कड्यांसारखी आहेत आणि कुशद्वीपाला वेढा आहे तुपाच्या समुद्राचा. ही विश्वाची कल्पना आहे, नकाशा नव्हे. ‘कुश’ नावाचं राज्य नाईलकाठी, आजच्या उत्तर सुदानात, खरोखर होतं आणि त्याच्या राजांनी काही काळ इजिप्तवरही राज्य केलं. पण ते नाव इजिप्शियनांचं. आपल्या कुश गवताशी, म्हणजे दर्भाशी, त्याचा संबंध नाही. हा गोंधळ ईस्ट इंडिया कंपनीच्या एका अधिकाऱ्यानं छापून पक्का केला. फ्रान्सिस विल्फर्डनं 1792 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत पुराणांच्या आधारे नाईलचं वर्णन छापलं. पुढे त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हवं ते सापडावं म्हणून पदरच्या पंडितानं पोथ्यांत फेरफार केले होते. 1805 मध्ये त्यानं हे स्वतः जाहीर केलं. मला त्या कबुलीचं फार मोल वाटतं. दुर्दैवानं पहिला लेखच गाजत राहिला. नाईलचा उगम शोधणाऱ्या स्पीकनं 1863 मध्ये त्याच लेखासोबतच्या नकाशाची वाखाणणी केली, आणि तुमच्या मंडळातल्या गृहस्थांपर्यंत पोचलं ते हेच.

प्रश्न : मराठीत आफ्रिकेच्या माणसाला हबशी, सिद्दी असं म्हटलं जातं. हे शब्द आले कुठून? आणि आपल्या भागाशी त्या खंडाचा जुना संबंध आहे का?
– एक विद्यार्थिनी, मांजलपूर, बडोदे

उत्तर : ‘हबश’ हे अरबीतलं अबिसिनियाचं, म्हणजे इथिओपियाचं, नाव. तिथला तो हबशी. ‘सिद्दी’ बहुधा ‘सय्यिदी’ म्हणजे ‘माझे धनी’ यावरून. जंजिरा म्हणजे अरबी ‘जझीरा’, बेट. आपल्या जुन्या लेखनातलं ‘जंगबार’ म्हणजे झांजिबार, मूळ फारसी, ‘काळ्या लोकांचा किनारा’. एक सांगते, हबशी हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात, तो तसा वापरू नकोस. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पायाभरणी करणारा आणि त्या शहराला नहरीचं पाणी देणारा मलिक अंबर हबशीच होता.

संबंध तर फारच जुना. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात बारीगाझा येतं, ते आपलं भडोच. तिथून गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड आणि उसाची साखर जहाजांनी आजच्या सोमालियाच्या किनाऱ्यावर जाई, असं त्यात लिहिलं आहे. झगडियाजवळ रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे, भोवती अकीक या रंगीत दगडाच्या खाणी आहेत आणि सिद्दींची वस्ती आहे. मी शाळेची सहल तिथे नेली होती. मुलांना सिद्दींचं ‘धमाल’ नावाचं ढोलावरचं नृत्य पाहायला मिळालं, आणि ज्यांना ती परदेशी समजत होती ती माणसं त्यांच्याशी अस्खलित गुजराती बोलली. मुलांचे ते चेहरे मला अजून आठवतात.

आमच्या शेजारच्या बा, म्हणजे आजी, 1972 मध्ये युगांडाच्या राजधानीतून, कंपालातून, सगळं टाकून आल्या. तिथला हुकूमशहा इदी अमीन यानं देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिली होती. आळीत त्या ‘आफ्रिकावाळां बा’. अजून सुरीला किसू म्हणतात, झाडूला फागियो, पातेल्याला सुफुरिया. सगळे स्वाहिलीतले शब्द, आणि स्वाहिली हे नावही अरबीतल्या किनाऱ्यावरून आलेलं. तुझा प्रश्न हातात आला तेव्हा मी कुंपणावरून त्यांनाच विचारलं, बा, आफ्रिका म्हणजे काय? त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कंपाला. बीजुं शुं?”