सेंट जॉर्ज रीफवर बुडालेल्या कौलांच्या जहाजाचे लाकूड मिळाले नाही, मग ते लाकडी गलबत होते कशावरून?

लाकूड मिळाले नाही, यावरूनच.

गोव्यातल्या मुरगावसमोरच्या या खडकाळ उथळ भागात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या बुडी मारणाऱ्या संशोधकांना कौले, धुराड्याच्या विटा आणि खांबांचे पोकळ मातीचे भाग मिळाले. काहींवर बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल आहे. ते मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचे साल असल्यामुळे बुडण्याची घटना त्यानंतरची, एवढेच त्यावरून ठरते. आगबोट असती तर बॉयलर, निदान लोखंडाचे अवजड भाग तरी राहिले असते. पण तसे काही नाही, आणि उघड्या पडलेल्या लाकडाचे आपल्या समुद्रात काय होते हे मी जवळून पाहिले आहे.

माझे आजोबा कौले आणि मीठ वाहणाऱ्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. त्यांच्या धाकट्या भावाचा मचवा आमच्या खाडीत बरीच वर्षे नुसता पडून होता आणि तो विकायला माझा चुलतभाऊ तयार नव्हता, कारण सागवानाला पाण्यात काही होत नाही, भाव आला की बघू, असे त्याचे ठाम म्हणणे होते. एका उन्हाळ्यात मोठ्या ओहोटीला मी चिखलात उतरलो. पाण्याखाली राहणारी फळी बाहेरून धड दिसत होती. फक्त टाचणीच्या डोक्याएवढी भोके होती. कोयत्याचा घाव घालताच ती बिस्किटासारखी फुटली. आत बोटभर जाडीचे बोगदे होते, प्रत्येकाला पांढरे चुन्याचे अस्तर, आणि एकही दुसऱ्याला न छेदता शेजारून वळून गेलेला. हे काम अळीसारख्या दिसणाऱ्या, पण शिंपल्याच्या कुळातल्या प्राण्याचे असते. चुलतभावाने तो तुकडा उलटसुलट पाहिला आणि ही फळी आंब्याची असेल असा निकाल दिला!

सागालाही हा प्राणी लागतो, उशिरा लागतो इतकेच. म्हणून तर जुने लोक गलबताच्या तळाला चुना आणि तेल चोपडत आणि पावसाळ्याआधी ते काठावर ओढून घेत.

अर्थात, वाळूत किंवा गाळात लवकर रुतलेले लाकूड टिकते, हेही सांगायला हवे. १७४९ मध्ये इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जजवळ किनाऱ्याला लागलेल्या ‘ॲमस्टरडॅम’ या डच व्यापारी जहाजाचा खालचा भाग अजून गाळात आहे आणि मोठ्या ओहोटीला त्याच्या कडा दिसतात. तेव्हा सेंट जॉर्ज रीफवरही तळाच्या चार फळ्या वाळूखाली असू शकतील. पण त्या मिळेपर्यंत गलबताचा पुरावा म्हणजे माल आणि तो ज्या जागी पडला ती जागा. तिथे बुडी मारायला जाणार असाल तर आठवण म्हणून कौल उचलू नका. अंगणात मांडायला एक आण, असे मला सांगणारा कोण होता, हे तुम्ही ओळखले असेलच.