जुना अॅनालॉग डिटेक्टर आणि सोन्याचा शोध : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

व्हिक्टोरियातील बॅलरॅट, बेंडिगो आणि डनॉलीच्या जुन्या सुवर्णक्षेत्रांत सुट्टीच्या दिवशी फिरणारे मेलबर्नचे मराठी वाचक फिशर कंपनीच्या 'गोल्ड बग 2' या अॅनालॉग (हाताने बटणे फिरवून जुळवायच्या) धातुशोधक यंत्राविषयी, म्हणजे डिटेक्टरविषयी, तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. त्यांपैकी काहींची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : यंत्र जुने, सेकंडहँड आहे. तरी परवाना लागेल का?

लागेल. 'मायनर्स राइट' हा परवाना दहा वर्षे चालतो. मात्र खासगी जमिनीवर मालकाची संमती लागतेच आणि बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत शोधाला मनाई आहे. निघण्यापूर्वी पार्क्स व्हिक्टोरियाकडे जागेची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : चार्जिंगच्या बॅटऱ्या चालतील का?

साध्या नऊ व्होल्टच्या अल्कलाइन घालाव्यात आणि घरी आल्यावर काढून ठेवाव्यात.

प्रश्न : सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) दहावर ठेवली की यंत्र सतत ओरडते. मित्र म्हणतो, जितकी जास्त तितके खोलवरचे सोने मिळते.

हा मित्र जवळजवळ प्रत्येक पत्रात भेटतो आणि त्याचे ऐकून लोक सबंध दिवस वाया घालवतात. येथील लाल मातीत लोहखनिज भरपूर आहे. 71 किलोहर्ट्झवर चालणारे यंत्र सोन्याचा अगदी बारीक कण टिपते खरे, पण त्या मातीलाही ते प्रतिसाद देते; त्यामुळे सेन्सिटिव्हिटी वाढवली की सोन्याच्या आवाजाबरोबर मातीचाही आवाज वाढतो आणि कण त्या गोंगाटात बुडून जातो.

आरंभी खनिजाचा खटका (मातीतील खनिजाच्या प्रमाणानुसार यंत्र जुळवणारा) नॉर्मलवर आणि सेन्सिटिव्हिटी मध्यावर ठेवून थ्रेशोल्ड, म्हणजे मागे सतत चालू राहणारा आवाज, हेडफोनमध्ये डासाच्या गुणगुणीइतका, जेमतेम ऐकू येईल असा लावावा. नंतर धातू नसलेल्या जागी कॉईल (दांड्याच्या टोकाची, धातू टिपणारी तबकडी) गुडघ्यापर्यंत उचलून जमिनीच्या अगदी जवळ आणावी, असे सलग करत राहावे आणि खाली येताना आवाज चढत किंवा पडत असेल तर ग्राउंड बॅलन्स (मातीचा आवाज दाबणारे बटण) एका बाजूला किंचित फिरवून पाहावा. फरक वाढला तर उलट फिरवावा. वर-खाली दोन्ही वेळी आवाज सारखा राहिला म्हणजे जुळले, पण तेवढ्याच जागेपुरते. ओढ्याकाठून उतारावर गेलात आणि मातीचा रंग बदलला की पुन्हा जुळवावे लागते. म्हणूनच 'आम्ही सेट करूनच देतो' या दुकानदाराच्या आश्वासनाला काडीचा अर्थ नाही. मग शिशाचा छोटा छर्रा दोन-तीन सेंटिमीटर पुरून तो ऐकू येतो का, हे तपासावे. यंत्र तरीही शांत होत नसेल तर खटका हायवर न्यावा. थोडी खोली कमी होईल. त्यानेही भागले नाही तर ती माती या यंत्राची नाही. तेथे पल्स इंडक्शनचे (वेगळ्या पद्धतीने चालणारे, खनिजयुक्त मातीला कमी प्रतिसाद देणारे) यंत्र भाड्याने घ्यावे का, हे स्थानिक प्रॉस्पेक्टिंग क्लबमधील जाणकाराला विचारावे.

प्रश्न : लोखंड वगळण्याचा खटका कायम चालू ठेवावा का?

नाही. संशयास्पद आवाज तपासण्यापुरता तो वापरावा. लोहयुक्त दगडाजवळचे बारीक सोनेही त्यात गाळले जाऊ शकते.

प्रश्न : कॉईल गवताला लागली की खोटा आवाज येतो. दुकानदार नवी कॉईल घ्या म्हणतो.

आधी कॉईलचे प्लॅस्टिकचे कव्हर काढून पाहावे. आत काळी, चुंबकाला चिकटणारी रेती साचलेली असते, ती धुऊन कव्हर वाळवून बसवावे आणि केबल दांड्याला घट्ट गुंडाळावी. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात. मिटली नाही तर यंत्राची पेटी स्वतः उघडू नये, दुरुस्तीच्या तंत्रज्ञाला दाखवावी. नव्या कॉईलचा विचार त्यानंतरचा.

प्रश्न : 1980 मध्ये किंगोवरजवळ 'हँड ऑफ फेथ' हा 27 किलोचा गोळा अशाच जुन्या यंत्राने सापडला ना?

होय, पण 27 किलोचा गोळा ओळखायला नाजूक यंत्र लागत नाही. त्यावरून आपल्या यंत्राची कुवत ठरवू नये.

प्रश्न : भारतात परतताना यंत्र नेऊन गडांवर शोध घेता येईल का?

संरक्षित स्मारकावर परवानगीविना खोदणे 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या गुप्तधनाची माहिती 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. यंत्र नेण्याबाबत कस्टम्सला आणि जागेबाबत पुरातत्त्व विभागाला, दोघांनाही लेखी विचारावे.