पहिला रोबो, पहिले ठोकळे
मुलाला प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी रोबो हातात येताच संवेदकांकडे, म्हणजे अंतर वगैरे ओळखणाऱ्या सेन्सरांकडे, वळू नका. पहिले दोन-तीन दिवस केवळ मोटारींसाठी ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या स्क्रॅच या, पडद्यावर आज्ञांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या भाषेच्याच धर्तीवर एमबॉटसारख्या शैक्षणिक रोबोंचे ठोकळे असल्यामुळे मुलांना ते जोडणे पटकन जमते. अडते ते प्रत्यक्ष जमिनीवर. फरशीवर खडूने रेघ ओढा, दोन्ही मोटारी सारख्याच वेगाने एक सेकंद चालवा आणि रोबो किती पुढे गेला, रेघेपासून किती ढळला, हे मुलाला पट्टीने मोजू द्या. दोन मोटारी तंतोतंत सारख्या नसतात आणि बॅटरी उतरली की त्याच प्रोग्रॅमने रोबो कमी अंतर जातो, हे त्याला स्वतःला सापडले पाहिजे.

पुढे अडथळा टाळण्याचा प्रोग्रॅम करताना ‘जर’ हा ठोकळा ‘कायम’ या, आतल्या आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या ठोकळ्याच्या आतच बसवा. तो बाहेर राहिला, तर अंतर एकदाच तपासले जाते आणि रोबो भिंतीवर जाऊन आदळतो. माझ्याकडची बहुतेक मुले इथेच अडखळली आहेत. अशा वेळी माउस तुम्ही हातात घेऊ नका. कोणता ठोकळा कितीदा चालला, हे मुलालाच पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने सांगू द्या.