गोडमिट्टपणाला इंग्रजीत नावं ठेवताना

इंग्रजीत परीक्षणं लिहायला लागलात, उत्तम. पण प्रत्येक रडव्या प्रसंगाला 'सेंटिमेंटल' म्हणू नका. आजोबांच्या घड्याळाला 'सेंटिमेंटल व्हॅल्यू' असते, तो काही दोष नव्हे.

खुपतंय नेमकं काय, ते आधी ठरवा. हसू किंवा संवाद खोटे गोड वाटले तर 'सॅकरिन'. १८७९ साली सापडलेल्या कृत्रिम गोडीपेक्षा हे विशेषण जुनं आहे, आणि त्याची नाळ थेट आपल्या शर्करेशी जुळते. गोडाचा वीट आला तर 'क्लॉइंग'. तो उग्र अत्तरालाही चालतो.

'मॉडलिन' मात्र जपून. चित्रांत रडताना दाखवल्या जाणाऱ्या मेरी मॅग्डालीनच्या, येशूच्या शिष्येच्या, नावावरून तो आला. त्यात डोळ्यांत पाणी हवं, आणि बहुतेकदा पोटात दारू. दोन पेगनंतर जुनी मैत्री आठवून गळ्यात पडणारा, तो मॉडलिन. नुसत्या भावुक चित्रपटाला लावलात तर थोडा तिरकाच बसतो.

व्हायोलिनांचा पूर आला की 'श्माल्ट्सी'. यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या एका भाषेत, श्माल्ट्स म्हणजे वितळवलेली चरबी, बहुधा कोंबडीची! 'ट्वी' खास ब्रिटिश: फुलाफुलांचे कप, किटलीला विणलेली टोपी. तिथे रडणं नाही, नुसता गोंडसपणाचा नखरा.

'मॉकिश' सर्वांत कडक. त्याच्या मुळाशी अळीचा शब्द आहे, म्हणून भावुकतेला किळसेची छटा येते. नवोदिताच्या पहिल्या पुस्तकावर मी तरी तो वापरत नाही.